लाल थेंबाचा माग

क्वार्ट्झसाइटच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि जानेवारीत अख्खं गाव चाकांवर येऊन बसतं,
तिथे व्हर्ना किटलसनने मला बोलावलं.
चौतीस फुटांचं घर. त्याचा डावा पुढचा जॅक
पहाटेपर्यंत दोन बोटं खचतो.
"ओट्यावर अंडं ठेवावं तर घरंगळतं," ती म्हणाली,
"आणि पंप शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटतो."

मी आधी काहीच उघडत नाही.
गुडघे टेकतो, मग पाठ. वाळू कॉलरमधून आत जाते.
खाली बशीएवढा डाग,
बीट उकडलेल्या पाण्याच्या रंगाचा.

थेंब पडतो तिथे गळत नसतं.
एवढं कळायला मला सहा वर्षं लागली
आणि एका गिऱ्हाइकाचा उगाच बदललेला पंप.
तेल लोचट. चॅसीच्या कडेकडेने चालतं,
वायरच्या पाठीवरून, प्रत्येक नटाला पत्ता विचारत,
आणि सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन
काही माहीत नसल्यासारखं लोंबतं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
शिव्या बोल्ट खातो.

म्हणून पुसलं. सगळंच पुसलं,
नळ्या, सांधे, जॅकची मान.
टाकीत चमचाभर चमकणारा रंग ओतला.
"आता?"
"आता अंधार पडू द्या."

तिने कॉफी केली. कप उतारावर राहत नव्हता,
मी हातातच धरला.
"हार्लन होता तोवर अकरा वर्षांत
एकदाही असं झालं नाही."
गेलेल्या नवऱ्यांबद्दल सगळ्याच असं म्हणतात.
मी मान हलवली.

रात्री पिवळा चष्मा, जांभळी बॅटरी.
दगडाआड एक विंचू हिरवा पेटला.
त्याला म्हटलं, तू नव्हेस.
मग दिसली ती रेघ,
बोल्टपासून वर, आडव्या पट्टीवरून मागे,
पुन्हा वर, जॅकला नळी जिथे चावते तिथवर.
हात लावला नाही. दाबातलं तेल
कातडीत सुईसारखं शिरतं;
यूमाच्या एलॉयला विचारा, तो नवापर्यंतच मोजतो.
पुठ्ठ्याचा तुकडा फिरवला. ओला झाला.

पण सांध्याभोवती, माझ्या फडक्यालाही न सुटलेली,
धूळ आणि तेलाची पपडी होती. पापुद्र्यावर पापुद्रा.
ही काही या हिवाळ्यातली नव्हे.
मी गप्प बसलो.

टाकीच्या कप्प्यात, मागे सरकवलेली,
एक बाटली, एक नरसाळं.
झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने:
मोआब, अर्धा कप.
बिलिंग्ज, पाऊण.
एल्को, अर्धा. व्ही. झोपल्यावर.
बिस्मार्क, एक. व्ही. झोपल्यावर.
झाकणभर.

तिने साध्या बॅटरीच्या उजेडात वाचलं,
ओठ हलवत, जसं कोणी बिल तपासतं.
"दुरुस्तीला काय लागेल?"
"रबराची कडी. चाळीस सेंट.
माझ्या तासाचे वेगळे."
"चाळीस सेंट!"
ती पायरीवर बसली. आधी वाटलं रडतेय.
"मला म्हणायचा, व्हर्ना, घर सरळ आहे,
या देशाची जमीनच डावीकडे उतरती आहे.
आणि मी, मी मुलांना पत्रातून तसं कळवलंसुद्धा!"
असं हसणं मी त्या वाळवंटात फार ऐकलेलं नाही.
शेजारच्या गाडीत दिवा लागला.

कडी बसवली. नळीतली हवा काढली.
सकाळी सातला अंडं ओट्यावर ठेवलं.
राहिलं.
आम्ही दोघंही त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होतो.

पैसे रोख दिले. झाकण पुसू दिलं नाही.
पेन्सिल शोधायला तिला तीन खण उघडावे लागले,
मग शेवटच्या ओळीखाली, जागा नव्हती तरी, लिहिलं:
क्वार्ट्झसाइट. कडी बदलली. व्ही. जागी.

आणि मला विचारलं,
तुझ्या हातातल्या त्या पान्याचं माप काय.